टाइप १ असलेली माझी मुलगी शुगरचे खोटे आकडे लिहिते आहे. मी कसं वागू?

माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. आता ती १४ वर्षांची आहे. बोटाला टोचणं, जेवणाआधीचं इन्सुलिन, रात्रीचं इन्सुलिन, सगळं तिने अंगवळणी पाडलं होतं. गेल्या काही महिन्यांत मात्र बिनसलंय.

मागच्या आठवड्यात तिची वही आणि ग्लुकोमीटरची मेमरी ताडून पाहिली. वहीत ११०, १२५, ११८. मीटरमध्ये त्या दिवसांची नोंदच नाही. एचबीए१सी ७.४ वरून ९.१ वर गेलंय, आणि तो तर तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा हिशेब असतो.

मी ओरडले नाही, फक्त विचारलं. ती म्हणाली, "मी शाळेतून आले की तू आधी शुगर किती ते विचारतेस. दादाला विचारतेस, दिवस कसा गेला." मला उत्तर देता आलं नाही. खरंच आहे ते.

मग एकेक बाहेर आलं. वर्गात सगळे बघतात म्हणून दुपारचं इन्सुलिन ती बाथरूममध्ये जाऊन घेते, कधी घेतच नाही. हातावर दिसतो म्हणून सतत शुगर मोजणारा सेन्सर नको. परीक्षेच्या दिवशी शुगर चढली की तिला वाटतं, आपलंच चुकलं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की ताणामुळे कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन वाढतं, त्याने शुगर चढते. शिवाय वयात येताना संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, जुना डोस पुरत नाही. हे मला कळलं, पण तिला कुणी नीट सांगितलंच नाही. मीही नाही.

सगळं तिच्यावर सोडून देण्याची हिंमत होत नाही. इन्सुलिन चुकत राहिलं तर कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून जिवावर बेतण्याचा धोका आहे. पण मागे लागले की ती आणखी लपवते. ज्यांना त्या वयात असा कुठलाही कायमचा आजार होता, त्यांनी कृपया सांगा: घरच्यांनी काय केलेलं तुम्हाला बरं वाटलं?

प्रतिसाद १
ताई, मी अकराव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे. मीही खोटे आकडे लिहायचो. आळस नव्हता तो. ३०० लिहिलं की आईचा चेहरा उतरायचा, ते बघवायचं नाही.
बाबांनी एक केलं: आठवड्यातले दोन दिवस सगळं स्वतःकडे घेतलं. टोचणं, डोस मोजणं, लिहिणं. मी फक्त हात पुढे करायचा. ते दोन दिवस डोक्याला सुट्टी असायची. आणि घरात "चांगली शुगर, वाईट शुगर" म्हणणं बंद झालं. जास्त किंवा कमी, एवढंच.
उलट्या, पोटदुखी, धाप यातलं काही दिसलं तर मात्र लगेच कीटोन तपासा आणि दवाखाना गाठा. तिथे तिची मर्जी बघत बसू नका. आजाराच्या रोजच्या कटकटीने येणाऱ्या या थकव्याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. डॉक्टरांना हाच शब्द सांगून समुपदेशक मागा.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
मनापासून आभार. चेहऱ्याचं वाचून रडू आलं. दोन दिवसांचं तिला विचारलं. "बघू" म्हणाली, मग झोपताना येऊन सांगितलं, "रविवारचं तू कर." आता एकच विचारते: बाबांनी टोचताना तुम्हाला लहान मुलासारखं वागवल्यासारखं वाटायचं का?