हिवाळ्यात घेतलेला पिचर, ऑक्टोबरातलं मैदान: तुमचे अनुभव सांगा

चेरी हिल, न्यू जर्सी

मंडळी, बेसबॉलचा सीझन संपला की आमच्या घरात एकच विषय असतो: कुठला पिचर (चेंडू टाकणारा) कुणी घेतला आणि किती वर्षांसाठी. असा एखादा करार पुढे प्लेऑफमध्ये (सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत) मैदानात बसून फळताना पाहिला असेल, तर इथे लिहा. सुरुवात मी करते.

डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या फिलाडेल्फिया फिलीजनी झॅक व्हीलरला ५ वर्षांसाठी ११.८ कोटी डॉलर कबूल केले. कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेपायी त्याचे २०१५ आणि २०१६ हे दोन अख्खे सीझन गेलेले. माझा नवरा न्यूयॉर्क मेट्सवाला, आणि व्हीलरला मेट्सनीच जाऊ दिलं होतं. जेवताना रोज वाद.

२३ ऑक्टोबर २०२२, रविवार. पहाटे चारला उठून मेलबर्नची भारत-पाकिस्तान मॅच पाहिली, कोहली नाबाद ८२. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, चकल्या पाडायच्या राहिलेल्या. उकड काढून झाकून ठेवली आणि निघालो. पॅटको ट्रेनने लोकस्ट स्ट्रीट, तिथून चालत ब्रॉड स्ट्रीट लाइन, शेवटचं स्टेशन. सॅन डिएगो पाड्रेजविरुद्ध पाचवा सामना, जिंकलो की वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका. व्हीलरने नऊपैकी सहा इनिंग त्यांना बांधून ठेवलं. सातव्यात पाऊस वाढला, बुलपेनमधून (बदली पिचर वॉर्म-अप करतात ती जागा) आलेल्या पिचरच्या हातून ओला चेंडू निसटायला लागला, वाइल्ड पिचवर (कॅचरला न अडवता आलेल्या चेंडूवर) रन गेली आणि आम्ही ३-२ ने मागे. पुढच्या ओळीतल्या आजोबांच्या टोपीच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. आठव्यात आमच्या हार्परने चेंडू डाव्या बाजूला भिरकावला, होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकारच! आजोबांनी वळून माझे दोन्ही हात धरले. रडत होते. ४-३.

चकल्या रात्री अकराला तळल्या.

मिसिसागा, ओंटारियो

ताई, तुमची दिवाळी एक दिवस तरी पुढे होती. आमच्याकडे २० ऑक्टोबर २०२५ ला लक्ष्मीपूजन आणि सिॲटल मॅरिनर्सविरुद्धचा सातवा सामना एकाच संध्याकाळी आले. साडेसहाला पूजा, आईच्या हातचा प्रसाद, आणि झब्ब्यावरच टोरंटो ब्लू जेजची जर्सी घालून गो ट्रेनने युनियन स्टेशन.

सातव्या इनिंगमध्ये आमचा गॉसमन बुलपेनमधून आला. २०२१ च्या हिवाळ्यात ५ वर्षांसाठी ११ कोटींना घेतलेला हा स्टार्टर, एरवी पहिला चेंडू टाकणारा. त्याला मधूनच धावत येताना पाहून अंगावर काटा आला. त्याच इनिंगमध्ये स्प्रिंगरचा तीन रनांचा होमरन, ३-१ चं ४-३ झालं. शेवटचा आउट हॉफमनने घेतला, तोही त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेला. १९९३ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज!

१ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध शेवटच्या सामन्यात विजेतेपद दोन आउटवर होतं. चेंडू पुन्हा हॉफमनच्याच हातात, आणि त्यांच्या रोहासने होमरन मारून बरोबरी केली. अकराव्या इनिंगमध्ये हरलो. मला हॉफमनचा राग आला नाही. तो नसता तर आम्ही तिथे पोचलोच नसतो.

महिनाही झाला नाही तोच ब्लू जेजनी नवा पिचर घेतला: डिलन सीझ, ७ वर्षं, २१ कोटी डॉलर. पिचरला सात वर्षं फार, असं बाबा म्हणतात. पण २०२१ पासून दरवर्षी किमान ३२ वेळा स्टार्ट करणारा माणूस सहज मिळत नाही.

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन

स्प्रिंगरचा तो होमरन आम्ही घरी बसून पाहिला. फराळ कुणाच्या घशाखाली उतरला नाही.

पण दहा दिवस आधी, आमच्या मॅरिनर्सच्या डेट्रॉइट टायगर्सविरुद्धच्या १५ इनिंगच्या सामन्याला आम्ही टी-मोबाइल पार्कमध्ये होतो. त्यांच्या स्कुबलने आमच्या बॅटर्सना १३ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. मग आमचे गिल्बर्ट, कास्टियो असे स्टार्टरसुद्धा बुलपेनमधून आले. आमच्या पोलांकोने विजयी हिट मारली तेव्हा सहा वर्षांची लेक खांद्यावर झोपली होती, ती आवाजाने दचकून उठली आणि टाळ्याच वाजवायला लागली.

बॉस्टन

गॅरेट क्रोशे. डिसेंबर २०२४ मध्ये या पिचरसाठी आमच्या रेड सॉक्सनी चार होतकरू पोरं बदल्यात दिली तेव्हा मी हळहळलो होतो. ३० सप्टेंबर २०२५ ला प्रतिस्पर्धी यांकीजच्या यांकी स्टेडियममध्ये रेड सॉक्सची टोपी घालून, मान खाली घालून बसलो होतो. त्याने ११७ चेंडू टाकले, ११ स्ट्राइकआउट, एकच रन दिली. आठव्या इनिंगपर्यंत आसपासचा गोंगाट पार बसला. पुढचे दोन्ही सामने हरलो, तरी ती रात्र माझीच.

पुणे

मैदानात नव्हतो, पण लिहितोच. २८ ऑक्टोबर २०२५, पहाटे साडेपाचला वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना लावला. मुलीचा डबा झाला, दूधवाला येऊन गेला, कामाच्या दोन मीटिंगा झाल्या, सामना चालूच. दुपारी बारा वाजून गेल्यावर, अठराव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या फ्रीमनने संपवला. त्याआधी कॅमेरा बुलपेनकडे वळला, तर दोनच दिवसांपूर्वी पूर्ण नऊ इनिंग टाकलेला त्यांचाच यामामोटो पुन्हा वॉर्म-अप करत होता. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नसताना ज्याला १२ वर्षांचा करार मिळाला, तो हा. मी पोळीचा घास हातात धरून बघत राहिलो.