गोचिडीचं एकच औषध गाय, कुत्रा, मांजर, घोडी सगळ्यांना चालेल का?

मळेकरी_तासगाव

नमस्कार मंडळी. शिमगा झाला की आमच्या मळ्यात दरवर्षीचं रडगाणं सुरू होतं, गोचिडी. यंदा थंडी लवकर गेली आणि आत्ताच गोठ्याच्या भिंतीवर चढताना दिसायला लागल्यात. आमच्याकडं दोन म्हशी, एक खिलार गाय, राखणीचा गावठी कुत्रा (वाघ्या), घरात एक मांजर आणि पोराच्या हौसेपायी दिवाळीत घेतलेली एक घोडी आहे. गाई-म्हशींवर अमिट्राझचं औषध पाण्यात घालून पंपानं मारतो, त्याचा गुण येतो. आता शेजारी म्हणतोय की कशाला वेगवेगळं, पंप भरलाच आहे तर घोडी आणि कुत्र्यावर पण मारून घे, भिंती पण धुवून निघतील. गोचीड तीच, मग औषध तेच चालायला काय हरकत आहे असं मलापण वाटतंय पण घोडीच्या बाबतीत आम्ही सगळेच नवखे, म्हणून विचारतोय.

दुसरं म्हणजे शेडवर बेदाणा टाकलाय. रॅकखाली जो सांडतो तो वाघ्या खातो, गेली तीन-चार वर्षं खातोय, त्याला काही झालेलं नाही. परवा एक पाहुणा म्हणाला कुत्र्याची किडनी जाते. खरंय का उगाच आपलं इंटरनेटवरचं?

आणि घोडीला सध्या लसूणघास आणि ज्वारी काढल्यावर खुंटांना जे फुटवे आलेत ते कापून टाकतोय. चंदी (दाण्याचा खुराक) थोडीच आहे, पण पुढं यात्रा आहे म्हणून वाढवायचा विचार आहे. ऊन वाढतंय त्याचं पण सांगा कोणीतरी.

---

जनावरांचा_डॉक्टर

घोडीवर अमिट्राझ मारू नका. आधी हे वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

अमिट्राझ गाई-म्हशींना चालतं, पण घोड्याच्या आतड्याची हालचाल त्यानं मंदावते, कधी पार थांबते. मोठ्या आतड्यात लीद कोरडी होऊन अडकते आणि पोटशूळ उठतो. औषध मारल्यावर लगेच काही दिसेलच असं नाही, एक-दोन दिवसांनी घोडी खायची बंद होते, लीद येत नाही, आणि तोपर्यंत पंप मारला होता हे कोणाच्या डोक्यातही राहत नाही. घोडी दुसरीकडं बांधून गोठा फवारा आणि भिंती पूर्ण वाळल्याशिवाय तिला परत आत घेऊ नका.

घोड्याला पायरेथ्रॉइड वर्गातलं औषध सहसा चालतं पण किती पातळ करायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, दुकानदाराकडून नको. एकच घोडी आहे तर खरं म्हणजे रोज खरारा करताना आयाळीत, कानात, शेपटीखाली आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बघून हातानं काढलेल्या बऱ्या. काढताना चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची. बोटांनी चिरडू नका, हे आपल्याकडं सर्रास करतात. काँगो फीवर गोचिडीतून माणसाला होतो, २०११ मध्ये गुजरातमध्ये माणसं दगावली होती. हातमोजे घाला आणि काढलेली गोचीड साबणाच्या किंवा रॉकेलच्या डब्यात टाका.

मांजराच्या जवळपास यातलं काहीही नको. गाईचं नको, कुत्र्याचं तर अजिबात नको. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं, मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, अंग थडथडायला लागतं, फिट येते. औषध लावलेल्या कुत्र्याला चाटूनही होतं, तुमचं मांजर त्याच्याजवळ झोपत असेल तर हे लक्षात ठेवा.

वाघ्याला गोळी द्या. हल्ली महिन्याला एक किंवा तीन महिन्यांना एक अशा चघळायच्या गोळ्या मिळतात (अफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर वगैरे), वजनावर ठरतात. महाग वाटतील पण पंपापेक्षा त्याच परवडतात. त्याला फिट येत असेल तर मात्र आधी सांगा, मग ह्या गोळ्या नकोत.

बेदाण्याचं खरं आहे. द्राक्ष आणि बेदाणा दोन्हींनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. सगळ्या कुत्र्यांना होत नाही आणि किती खाल्ला की होतं याचं माप नाही, म्हणून "चार वर्षं खातोय" याला काही अर्थ नाही. संशय टार्टारिक ॲसिडवर आहे, २०२१ पासून ही गोष्ट पुढं आली, आणि बेदाणा म्हणजे द्राक्षातलं पाणी काढलेलं असल्यानं मूठभर बेदाण्यात ते भरपूर जातं. तुमच्याकडं आता चिंचा फोडायचं काम पण चालू असेल, चिंचेतही हेच ॲसिड असतं, तो ढीगही त्याच्यापासून लांब ठेवा. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या होतात, मग एक-दोन दिवस सुस्त, मग लघवी कमी. उलटी दिसायची वाट बघायची नसते, भरपूर खाल्लेला दिसला की लगेच गाडीवर घालून आणायचं. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मीठच चढतं.

---

नालबंदाचा_पोर

डॉक्टरसायबांनी गोचिडीचं सांगितलं, मी घोडीचं सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या नाल मारायचं काम हाय.

पयलं, चंदी एकदम वाढवू नका. यात्रा जवळ आली की सगळ्यांच्या अंगात येतंय, हरभरा भिजवून घाल, गूळ घाल, अंडी घाल. घोड्याला उलटी करता येत न्हाई, पोटात गेलं ते मागनंच बाहेर पडायचं, नायतर तिथंच गॅस धरून बसायचं. वाढवायची तर आठवड्याला मूठ-मूठ वाढवा आणि वाळला चारा कायम पुढ्यात पायजे. शेजाऱ्याची पोल्ट्री असंल तर त्याचं कोंबडी खाद्य चुकूनसुदा देऊ नका, त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन नावाचं औषध असतंय, कोंबडीला चालतंय, घोड्याच्या काळजावर बसतंय, थोडक्यातच खेळ खलास. गोठ्यात पोतं उघडं असंल तर घोडी दावं तोडून जाती आणि तोंड घालती, हे बघिटलेलं हाय.

पोटात दुखायला लागलं की घोडी सांगती. पुढच्या पायानं भुई उकरती, मान वळवून कुशीकडं बघती, वरचा ओठ वर करती, बसती-उठती, मग लोळती. जबड्याच्या कडंला बोट लावलं की नाडी लागती, आत्ताच हात लावून शिकून घ्या, दुखायला लागल्यावर सापडत न्हाई. घोडी उभी हाय निवांत तवा मिनटाला २८ ते ४४ ठोके असत्यात, साठाच्या वर गेलं की इचार करत बसू नका, डॉक्टर बोलवा. आणि एक, बाटलीनं नायतर बांबूच्या नळकांड्यानं तेल पाजायचं बंद करा. निम्मं फुप्फुसात जातंय, पोटशूळानं मरायची ती न्युमोनियानं मरती. डॉक्टर नाकातनं नळी घालून देतोय त्येच खरं.

ज्वारीच्या फुटव्याचं तर बंदच करा. गाईला किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागती ती तुम्हाला ठाव हाय, घोड्याला तशी पटकन लागत न्हाई म्हणून लोकं बिनधास्त घालत्यात, पर रोज घातलं की मागचा भाग लटपटतोय आणि मूत ठिपकत राहतंय, मांड्या भिजून चामडं जातंय. एकदा मागचं गेलं की परत येत न्हाई बगा.

ऊन म्हणशीला तर पत्र्याच्या शेडात दुपारी बांधू नका, झाडाखाली बांधा. पाणी ३०-४० लिटर तर असंच लागतंय, उन्हात काम केलं की जास्त. तापलेल्या घोड्याला पाणी दिलं की मरतंय असं म्हातारी माणसं म्हणायची, काय मरत न्हाई, पाजा. अंगावर सारखं पाणी ओता, सैंधवाचा खडा टांगून ठेवा. घाम यायचा बंद झाला आणि नाकपुड्या फुगवून धापा टाकायला लागली की काम तिथंच सोडायचं, खोगीर खाली.

आणि धनुर्वाताची लस? टोचली का? मळ्यात द्राक्षाच्या मांडवाच्या तारा-खिळे पडल्यात सगळीकडं, घोड्याइतकं धनुर्वाताला दुसरं जनावर भीत न्हाई.

---

मनीमाऊ_पुणे

मांजराबद्दल दोनच गोष्टी. ताप आला म्हणून क्रोसिन देऊ नका, पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारते. आणि घरात कोणी लिलीचा गुच्छ आणला तर बाहेर ठेवा, फुलाचे परागकण अंगावर पडून चाटले तरी किडनी जाते. रंगपंचमीला वाघ्याला कोणी रंगवलं तर साध्या शाम्पूनं धुवा, रॉकेलनं पुसू नका, नंतर तो तेच चाटत बसतो.

---

वाईकर_यॉर्कशायर

मूळची वाईची, आता इथे एका तबेल्यात शनिवार-रविवार मदतीला जाते म्हणून लिहितेय. लसूणघासाला तुम्ही घाबरताय का माहीत नाही पण तो तितका वाईट नाही, त्यात साखर-स्टार्च कमी असतो, प्रोटीन आणि कॅल्शियम जास्त. वाळल्या चाऱ्यात मिसळून दिला तर चालतो, फक्त कापून ढीग मारून तापलेला नको. लॅमिनायटिसची (खुराच्या आतल्या सुजेची) भीती चंदीची आणि गुळाची.

इथे एप्रिल-मेमध्ये कोवळं गवत फुटतं तेव्हा सगळा तबेला टेन्शनमध्ये असतो. रात्री थंडी आणि दिवसा ऊन असलं की गवतात साखर साठते, जाड पोनी ती चरतात आणि खुराच्या आतला थर सुजतो. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, वळायला नको म्हणतो, खूर हाताला गरम लागतो. म्हणून इथे तोंडाला मझल बांधून चरायला सोडतात, बिचारी फार वैतागतात. शिवाय वसंतात सिकामोरच्या झाडाची रोपं उगवतात, ती खाल्ली तर स्नायू जळतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तुमच्याकडे ते झाड नाही पण कण्हेर आहे ना बांधावर? कण्हेरीची पानं, ओली किंवा सुकलेली, घोड्याच्या हृदयाला जीवघेणी असतात. छाटणी केलेली फांदी गोठ्यापाशी टाकू नका एवढं बघा.

---

मळेकरी_तासगाव

बाप रे, बरं झालं विचारलं. अमिट्राझचा पंप गोठ्यापुरताच ठेवतो आणि घोडी चिंचेखाली बांधतो. कण्हेर आहे, देवळाच्या बाजूला, उद्याच काढतो बघून. ज्वारीचे फुटवे बंद. लस टोचली होती का ते आधीच्या मालकाला विचारायला लागेल, त्याच्याकडं काही कागद असेल असं वाटत नाही.

एक राहिलं. वाघ्याच्या नाकातून परवा रक्त आलं होतं, थोडंच, आपोआप थांबलं. आई म्हणाली उन्हानं घोळणा फुटलाय, कांदा हुंगवला. खातोय कमी पण. बेदाण्याचं तर नसेल?

---

जनावरांचा_डॉक्टर

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं हो. माणसाचा घोळणा उन्हानं फुटतो, कुत्र्याचा तसा फुटत नाही. गोचिडी आहेत, खाणं कमी झालंय आणि नाकातून रक्त, म्हणजे एर्लिकिया धरूनच चालायचं जोवर तपासणीत नाही म्हणून येत नाही. गोचिडीतून येणारा हा जंतू रक्तातल्या प्लेटलेट खातो म्हणा, मग नाकातून, हिरडीतून, लघवीतून रक्त येतं. आत्ता ओठ वर करून हिरड्या बघा, पांढरट आहेत का, त्यावर किंवा पोटावर लाल-जांभळे ठिपके आहेत का. लघवी गडद तांबडी असेल तर बबेसियाही (गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू) असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं, म्हणून अंदाजानं गोळ्या सुरू करू नका. उद्या सकाळी रक्त तपासायला न्या, त्यातच किडनीचं क्रिएटिनिनही करून घ्या म्हणजे बेदाण्याचा प्रश्नही मिटेल. दुखण्याची माणसांची गोळी द्यायची नाही, ब्रूफेन, कॉम्बिफ्लाम काही नाही, आधीच रक्त साकळत नाहीये.

---

मळेकरी_तासगाव

नेऊन आणलं. प्लेटलेट ३८ हजार, एर्लिकिया पॉझिटिव्ह. क्रिएटिनिन नॉर्मल आलं. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस लिहून दिलंय. पहिली गोळी दिली तर ओकला, आता उद्या काय करू? दुधातून देऊ का, आई म्हणतेय दूध पाज.

---

जनावरांचा_डॉक्टर

दुधातून नको, दुधानं हे औषध अंगाला कमी लागतं. उपाशीपोटी दिली की ओकतात. आधी अर्धी भाकरी खाऊ द्या, मग गोळी भाकरीच्या तुकड्यात, वर थोडं पाणी पाजा म्हणजे घशात चिकटून राहत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी टणटणीत होईल आणि तुम्हाला वाटेल झालं आता, तर २८ म्हणजे २८. आणि तो जिथं झोपतो तिथल्या भिंतीच्या फटी बुजवा, ही गोचीड रक्त पिऊन झालं की खाली पडते आणि फटीत जाऊन हजारो अंडी घालते, नुसता कुत्रा साफ करून काही उपयोग नाही.

---

नालबंदाचा_पोर

फटी फ्लेम गननं जाळून घ्या आदी, मग सिमेंट मारा. कडबा आणि घोडी लांब करून मगच पेटवा म्हंजे झालं.