भर उन्हात बांधकाम: दुपारी १२ ते ४ सक्तीची बंदी हवी का?

महालकर: काल समोरच्या साइटवर दुपारी दीडला स्लॅब सुरू होता. लोखंडी घमेलं इतकं तापलेलं, की बाया चुंबळ भिजवून डोक्यावर ठेवत होत्या. २३ मे २०१३ ला याच नागपूरनं ४७.९ अंश पाहिलंय. मे महिन्यात १२ ते ४ उघड्यावरची कामं बंदच करा. सिग्नलला सावलीसाठी हिरवी जाळी बांधून काय होतं?

मिस्त्रीभाऊ: अन् चार तासाची रोजी कोन देईल? ठेकेदार सरळ हाप डे लावते. घरी जाऊन तरी काय करू? टिनाची खोली हाय, दुपारी भिंतीले पाठ टेकवता येत नाही. साइटवर निदान तळमजल्यात सावली अन् रांजन तरी भेटते.

इतवारीकर: बंदी कशाला? पहाटे ५ ला सुरू करा, ११ ला थांबा.

मिस्त्रीभाऊ: पाचले मिक्सर लावला का तुमच्याच सोसायटीवाले खाली येतात भांडाले.

नर्सताई: सगळे साइटवरच अडकलात. आमच्याकडे दवाखान्यात उष्माघातानं येणारे निम्मे म्हातारे घरातूनच येतात, "बाबा तर पंख्याखाली झोपले होते" म्हणत. अहो, हवा चाळिशीच्या वर गेली की पंखा गरम झळच अंगावर मारतो. त्यात बीपीसाठी लघवीची गोळी सुरू असेल तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं (गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). आपली हवा कोरडी, म्हणून कूलर इथं चालतो. पण कितीतरी घरी खिडक्या लावून कूलर सुरू! दमट हवा बाहेर जाणार कुठून? माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर घाम असो-नसो, आधी सावलीत घ्या, पाणी ओता, वारा घाला, काखेत-मानेला बर्फ लावा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

महालकर: ताई, पटलं. पण म्हणून साइटवरच्यांना उन्हात ठेवायचं? अहमदाबादनं २०१३ मध्येच उष्णतेचा कृती आराखडा केला. आपण रोजी न कापता सुट्टी, एवढं तरी लिहून घेऊ.

मिस्त्रीभाऊ: लिहून घ्या ना. पन हजेरीचं पुस्तक ठेकेदाराच्याच खिशात ऱ्हायते, भाऊ.

इतवारीकर: मग दुपारी बागा तरी उघड्या ठेवा. झाडं आत अन् कुलूप बाहेर, हे मले आजवर समजलं नाही.