सुजलेले, झिजलेले गुडघे : गोळ्यांवर भिस्त न ठेवता घरी काय करता येईल?

प्रश्न | कोकणकन्या

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी राहते. दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे एक्स-रेमध्ये दिसले आहे. उजव्या गुडघ्याला वरचेवर सूज येते. सकाळची कामे एका दमात उरकली की संध्याकाळपर्यंत तो गुडघा फुगतो आणि नीट वाकतही नाही. तिला रक्तदाब आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडे वाढलेले आहे, त्यामुळे डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या शक्यतो टाळायला सांगितल्या आहेत. शेजारीपाजारी म्हणतात की आता तिने चालणे बंद करून पूर्ण विश्रांती घ्यावी. कोणी निर्गुंडीचा शेक सुचवते, तर कोणी बिब्बा घालायला सांगते. घरात जमिनीवर बसायची सवय, भारतीय पद्धतीचा संडास आणि ओटीवर चढायला उंच पायऱ्या आहेत. शेक गरम द्यावा की बर्फाचा, आणि सूज असताना व्यायाम करावा की नाही, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ | फिजिओथेरपिस्ट, पुणे

पूर्ण विश्रांतीचा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गुडघ्यात पाणी साठले की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारे मज्जासंस्थेचे संदेश आपोआप मंदावतात आणि तो स्नायू सुस्त पडतो. स्नायू सुस्त पडला की चालताना बसणारा भार थेट सांध्यावर येतो आणि पुन्हा सूज येते. त्यात महिनाभर अंथरूण धरले तर उरलीसुरली ताकदही जाते. म्हणून सूज उतरवणे आणि मांडीचा स्नायू जागा ठेवणे ही दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून बरोबरीने करायची असतात.

गुडघा गरम आणि फुगलेला असेल तेव्हा गार शेक द्यावा. बर्फ पातळ सुती कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. त्या वेळी आईंनी पाठीवर पडून टाच आणि पोटरी उशांवर उंच ठेवावी, गुडघा मात्र सरळ असावा. पुष्कळ जण गुडघ्याखाली उशी घेऊन रात्रभर झोपतात. तेवढ्यापुरते बरे वाटते, परंतु गुडघा हळूहळू वाकलेल्या स्थितीतच आखडू लागतो आणि मग चालताना तो पूर्ण सरळ होत नाही. गरम शेक सूज नसताना, विशेषतः सकाळी सांधा ताठरलेला असतो तेव्हा उपयोगी पडतो. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर गरम काय आणि गार काय, दोन्ही शेकांनी नकळत इजा होऊ शकते, तेवढे पाहून घ्यावे.

सूज असतानाही करता येईल असा व्यायाम अगदी साधा आहे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवावी आणि मांडी आवळून गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबावी; पाच ते दहा सेकंद धरून सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. सूज उतरू लागली की पाठीवर पडून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे, कुशीवर पडून वरचा पाय बाजूला उचलणे, आणि पुढे उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, अशी वाढ करावी. खुर्चीचा व्यायाम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रोजच्या जगण्यात नेमकी तीच ताकद लागते. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. मात्र वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत शमले नाही किंवा सूज वाढली, तर प्रमाण निम्मे करावे. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि बहुतेक जण त्याआधीच सोडून देतात, म्हणून हा काळ आधीच सांगून ठेवते.

वजन जास्त असेल तर त्याकडेही पाहावे. एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने घटतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते.

प्रतिसाद २ | मिरजकर

वरचे सगळे योग्यच आहे, परंतु घर बदलल्याशिवाय व्यायामाचा फायदा टिकत नाही, असा माझा सासूबाईंच्या सेवेतला अनुभव आहे. उकिडवे बसताना गुडघ्यावर जो ताण येतो तो चालण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे सुरुवात संडासापासून करा. भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळते. शेजारच्या भिंतीत धरायला एक भक्कम दांडा बसवून घ्या. न्हाणीत उंच, न घसरणारे स्टूल ठेवा. विळीवर बसून भाजी चिरण्याऐवजी ओट्याशी उंच स्टुलावर बसून सुरीने चिरता येते, आणि केर काढायला लांब दांड्याचा झाडू घेता येतो. देवपूजेला पाटावर बसायची सवय मोडणे आमच्याकडे सर्वांत कठीण गेले, कारण खुर्चीवर बसून पूजा करणे त्यांच्या मनाला पटत नव्हते; शेवटी देव्हाराच कंबरेच्या उंचीला घेतला, तेव्हा तो प्रश्न सुटला. खुर्ची अशी निवडा की बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहील. सगळी कामे एका दमात करण्याऐवजी मध्ये पाय लांब करून बसण्याची वेळ ठरवून द्या.

बिब्बा मात्र कृपा करून घालू देऊ नका. त्याचे तेल कातडी जाळते. मोठाले फोड येतात आणि जखम चिघळते. गुडघ्याच्या आतल्या झिजेवर त्याचा काहीही उपयोग होत नाही.

कोकणकन्या

दोघांचेही मनापासून आभार. बिब्ब्याचा विषय आजच बंद करते. निर्गुंडी आणि तेल लावणे चालेल का? गावात एक जण संधिवाताची पुडी देतो, शिवाय सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, नीकॅप आणि काठी यांबद्दलही विचारायचे आहे. काठी घ्यायला आई अजिबात तयार नाही.

प्रतिसाद ३ | निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ

निर्गुंडीच्या पानांचा सोसवेल इतपत ऊन शेक आणि हलक्या हाताने तेल लावणे, यांनी काही काळ आराम मिळतो. सूज नसताना ते जरूर करा. त्याने झीज भरून येत नाही, एवढे ध्यानात असू द्या. नाव आणि घटक न लिहिलेली पुडी मात्र घरात येऊ देऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध मिसळलेले अनेकदा आढळले आहे. चार दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो तो त्यामुळेच, आणि रक्तदाब व मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या आपल्या आईंना त्याचाच सर्वाधिक धोका आहे. ग्लुकोसामाइन घेऊ नये, असे अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिकाही तेच म्हणते आणि सर्व रुग्णांसाठी व्यायामाला अग्रक्रम देते. त्या पैशांत कमोडची खुर्ची येईल. दुखणे फार वाढले तर वरून लावायच्या वेदनाशामक जेलमधून औषध रक्तात कमी उतरते, तरीही क्रिएटिनिन वाढलेले असल्याने ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

नीकॅप चालताना वापरायला हरकत नाही; ती घट्ट नसावी आणि झोपताना काढून ठेवावी.

काठी उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात धरायची आणि उजव्या पायाबरोबरच पुढे टाकायची. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढी तिची उंची असावी, आणि खालचे रबर झिजले की लगेच बदलावे, कारण पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात त्याच रबरावर सगळा भरवसा असतो. ओटीच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. पायऱ्यांच्या कडेला कठडा बसवता आला तर उत्तम. आईंना काठी नकोशी वाटत असेल, तर आधी फक्त घराबाहेर आणि पायऱ्यांवर वापरायला सांगा. दुखणे कमी होते असे स्वतःला जाणवले की त्या आपणहून हातात घेतील.

घरगुती उपायांवर थांबू नये असेही काही प्रसंग आहेत. गुडघा अचानक लाल व गरम होऊन ताप आला, पडल्यानंतर सूज आली, गुडघा मध्येच अडकू लागला, पायावर भारच देता येईना किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल आणि हातांची बोटेही सुजत असतील, तर तो वेगळ्या प्रकारचा संधिवात असू शकतो. आपल्या आईंच्या उजव्या गुडघ्यात पुन्हा पुन्हा पाणी होते आहे, म्हणून एकदा रक्तातले युरिक ॲसिड (ते वाढले की गाउट हा संधिवात होऊ शकतो) तपासून घ्यावे आणि गरज वाटल्यास ते पाणी काढून त्याचीही तपासणी करावी.