लेवोसेट्रिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) बंद केली की अंगभर खाज सुटते. कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

वय ४१, पुण्यात राहते. पावसाळा सरत आला की गाजरगवत फुलतं आणि माझ्या शिंका सुरू होतात, लागल्या की दहा-बारा सलग. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लेवोसेट्रिझिन ५ मि.ग्रॅ. रात्री झोपताना घ्यायला सांगितली, पंधरा दिवसांसाठी. आराम पडला म्हणून मी घेतच राहिले. संपली की मेडिकलमधून नवी स्ट्रिप. चूक माझीच आहे, मान्य.

या गोळीने अ‍ॅव्हिलइतकी (अ‍ॅलर्जीची जुनी गोळी) झोप येत नाही म्हणतात, पण मला सकाळी दहापर्यंत डोकं जड आणि तोंडाला कोरड असायचीच. गेल्या महिन्यात सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या डोळा लागला. मागे लेक होती. तिने खांदा हलवला तेव्हा हिरवा दिवा लागलेला होता. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. त्याच दिवशी गोळी बंद केली.

तिसऱ्या रात्री खाज सुरू झाली. आधी तळहात-तळपाय, मग डोकं, पाठ. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. मला आयुष्यात कधी खाजेचा त्रास नव्हता, होत्या त्या शिंका! रात्री दोन वाजता मोरीत नळाखाली पाय धरून बसले होते. पाचव्या रात्री हार मानून गोळी घेतली, सकाळी खाज गायब. पंधरा दिवसांनी पुन्हा बंद करून पाहिली, पुन्हा तेच.

मग शोधल्यावर कळलं की अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये नेमकी हीच सूचना काढली आहे: सेट्रिझिन (याच जातीची गोळी) किंवा लेवोसेट्रिझिन रोज, बरेच महिने घेऊन थांबवली की काहींना तीव्र खाज सुटते. प्रकार दुर्मीळ आहे, त्यांच्याकडे जगभरातून २०९ नोंदी होत्या. गोळी परत सुरू केल्यावर बहुतेकांची खाज थांबली, आणि नंतर हळूहळू कमी करत काहींची गोळी सुटलीही. वाचून रडूच आलं, कारण घरी सगळे 'मनाचे खेळ' म्हणत होते.

पुढच्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्याआधी विचारायचंय:

ज्यांनी ही गोळी सोडली त्यांनी कशी सोडली? अर्धी करून, की एक दिवसाआड? किती आठवडे लागले? शिंकांसाठी नाकाच्या स्प्रेवर किंवा फेक्सोफेनाडिनवर (अ‍ॅलर्जीची दुसरी गोळी) कुणी गेलं का, आणि त्याने दिवसा झोप कमी झाली का? लिव्हर, थायरॉइड, साखर या तपासण्या करून घेऊ का? पुरळ नसताना खाज आली की त्या करतात असं ऐकलंय.

कडुलिंबाचा पाला, खोबरेल, बर्फ सगळं करून झालंय. सध्या गोळी चालू आहे आणि स्कूटर बंद, लेकीला रिक्षाने सोडते. बाकी नाही तरी तुमची खाज किती दिवस टिकली एवढं नक्की लिहा. आकडा माहीत असला तर तेवढ्या रात्री मी काढेन.