आजीच्या वहीतलं 'फुलपात्र' म्हणजे किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आजीची पाककृतींची वही माझ्याकडे आली आहे. पाकातल्या रवा लाडवांसाठी तिनं लिहिलंय : अर्धा किलो रवा, दोन फुलपात्रं साखर, फुलपात्राला थोडं कमी पाणी, पाऊण वाटी तूप.

सगळंच फुलपात्रानं मोजलेलं असतं तर अडलं नसतं. भाजणीचं चार-दोन-एक असं प्रमाण कुठल्याही भांड्यानं घेतलं तरी जमतं. इथे मात्र रवा किलोत आणि साखर फुलपात्रात! आजीचं पितळी फुलपात्र घर बदलताना मोडीत गेलं, याचं आजही वाईट वाटतं.

घरात आता तीन फुलपात्रं आहेत. काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं (१ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिली) तर १५०, १८० आणि २३० मिली निघाली. दोन फुलपात्रं साखर म्हटल्यावर लहान-मोठ्यात जवळजवळ १३५ ग्रॅमचा फरक! लहान घेतलं तेव्हा लाडू कोरडे होऊन फुटले. मोठं घेतलं तेव्हा मिश्रण दोन दिवस आळलंच नाही. पाक दोन्ही वेळा एकतारीच केला होता.

कुणाकडे जुनं पितळी फुलपात्र असेल तर त्यात किती पाणी मावतं ते मोजून सांगाल का? आणि तुमच्याकडे साखर शिगोशीग भरायचे की सपाट? आईला आठवत नाही. दिवाळीला हे लाडू तिला आजीच्याच चवीचे खायला घालायचे आहेत.