पद्मिनी: वायरिंग बदलल्यापासून सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

पद्मिनीवाला:
प्रीमिअर पद्मिनी, १९८४, पेट्रोल, पॉइंटवाला डेल्को (प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर; पॉइंट म्हणजे त्यातले कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), सेल्फ चावीवर. जुन्या वायरींचं कव्हर तडकून हातात येत होतं म्हणून वायरमनकडून अख्खा हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा जुडगा, नवा करून घेतला. त्याच कामात बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, इग्निशन स्विच नवा टाकला आणि म्युझिक सिस्टिम लावली. त्याआधी गाडी अर्ध्या चोकवर लगेच सुरू व्हायची.

आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. चावी सोडली की ती मागे येते, त्या क्षणी कधी कधी एकदा ‘फुट’ असा आवाज येतो आणि मग गप्प. प्लग काढले तर ओले. नवे प्लग टाकले, कॉइलही नवी टाकली, फरक शून्य. वायरमन म्हणतो कार्ब्युरेटर बघा, कार्ब्युरेटरवाला म्हणतो वायरिंग बघा. आणखी एक, चावी ऑन केली तरी चार्जिंगचा लाल दिवा लागत नाही. त्याचा याच्याशी संबंध आहे का? मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प दोन्ही घरात आहेत.

घाटावरचा:
आधी इंजिनची अर्थ पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) बघा. हार्नेस बदलताना ती काढून ठेवतात आणि परत लावायची राहते. मग सेल्फचा करंट चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या तारेतून परतीचा रस्ता शोधतो. सेल्फ मारताना चोकची तार गरम लागली तर समजा तेच.

तांब्याची तार:
अर्थ पट्टी बघायला हरकत नाही, पण ती नसती तर सेल्फ रडत फिरला असता. इथे तो जोरात फिरतोय. खात्री करायची तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्यावर नाही, खांबावरच), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर लावा आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी साफ करा किंवा बदला.

कार्ब्युरेटर सध्या विसरा. या गाडीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल आहे, वायरिंगच्या कामाने त्याला काही होत नाही. शिवाय प्लग ओले आहेत, म्हणजे पेट्रोल पोचतंय. अडलंय ते स्पार्कवर, आणि तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते ‘फुट’.

चावी स्टार्टवरून इग्निशनवर परत येते तेव्हा इंजिन आपल्या वेगात आणखी अर्धा-पाऊण फेरा फिरतं. त्या अर्ध्या फेऱ्यात एखादा सिलिंडर पेटतोय, पण सेल्फ चालू असताना एकही पेटत नाही. म्हणजे चावी स्टार्टवर असेपर्यंत कॉइलला करंटच नाही, असा माझा संशय. याच्या उलट लक्षण असतं, म्हणजे सेल्फवर सुरू होऊन चावी सोडताच बंद पडली असती, तर कॉइलची वायर स्विचच्या स्टार्ट टर्मिनलवर लागली आहे किंवा बॅलास्ट रेझिस्टर (काही गाड्यांत कॉइलचा करंट कमी ठेवणारा) तुटला आहे असं म्हटलं असतं.

पार्ट बदलत बसू नका. सेल्फ मारायला एक माणूस बसवा आणि ही रीडिंग घ्या. मीटरचं काळं टोक प्रत्येक वेळी इंजिन ब्लॉकवर.

१. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब, सेल्फ मारताना. ९.६ च्या खाली जायला नको.

२. कॉइलचं प्लस, चावी ऑन, सेल्फ न मारता. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नको. (ही अपेक्षा बॅलास्ट नसलेल्या गाडीसाठी. बॅलास्ट असेल तर पॉइंट बंद असताना इथे ६ ते ८ च दिसेल.)

३. कॉइलचं प्लस, सेल्फ मारताना. सगळा खटला याच रीडिंगवर आहे.

४. कॉइलचं मायनस, म्हणजे डेल्कोकडे जाणारी बाजू, चावी ऑन. पॉइंट उघडे असताना प्लसइतकंच दिसलं पाहिजे, बंद असताना ०.२ च्या आत. उघडे असतानाही शून्य आलं तर पॉइंटच्या टर्मिनलखालचा फायबर वॉशर उलटसुलट बसला आहे किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. दोन्हीत पॉइंट कायमचे अर्थ होतात.

५. नव्या कॉइलचा प्राथमिक रेझिस्टन्स, दोन्ही वायरी काढून. बॅलास्ट नसलेल्या पॉइंटच्या गाडीला ३ ओहमच्या आसपास हवा. दीड ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली तर पॉइंटमधून ४ ऐवजी ८ अँपिअर जातात. पॉइंट निळे पडतात आणि कॉइलला हात लावता येत नाही.

चावी ऑन ठेवून रीडिंग लिहीत बसू नका. पॉइंट बंद असतील तर कॉइल तेवढ्या वेळात तापते.

घाटावरचा:
बरोबर, सेल्फ जोरात फिरतोय हे मी धरलंच नव्हतं. पॉइंटचा गॅपही बघून घ्या, ०.४ मिमीच्या आसपास. आणि मुख्य हायटेन्शन वायर डेल्कोच्या टोपीतून काढून ब्लॉकपासून ६-७ मिमीवर धरा, इन्सुलेशनच्या पकडीने. चावी ऑन ठेवून स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उघडझाप केले तर स्पार्क पडतो का, आणि सेल्फवर पडतो का, हे दोन्ही वेगवेगळं बघा. एकीकडे पडला आणि दुसरीकडे नाही तर मीटरशिवायही उत्तर मिळालं. प्लग मात्र आधी बसवून ठेवा. भोकं उघडी ठेवून सेल्फ मारला तर पेट्रोलची वाफ थेट ठिणगीवर येते.

पद्मिनीवाला:
रीडिंग घेतली. ब्लॉक अर्थ ०.१४. सेल्फवर बॅटरी १०.३. कॉइल प्लस चावी ऑनला ११.९, सेल्फवर ०. मायनस पॉइंट उघडे ११.९, बंद ०.१. कॉइल ३.१ ओहम. स्पार्क पॉइंट हलवून पडतो, सेल्फवर नाही.

नव्या हार्नेसमध्ये बहुतेक सगळ्या वायरी लाल आहेत, त्यामुळे स्विचमागे कोणती कुठे जाते ते कळत नाही.

तांब्याची तार:
मग निदान झालं: चावी स्टार्टवर असताना कॉइलला करंटच नाही. आधी पाच मिनिटांची खात्री करा. कॉइलच्या प्लसवरची वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. बॅटरी प्लसपासून कॉइल प्लसला एक वेगळी वायर टाका, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. त्या काळच्या फियाटमध्ये इग्निशनच्या लाइनला मुळात फ्यूज नसतो, त्यामुळे घसरलेली क्लिप बॉडीला टेकली तर नवा हार्नेस जळायला क्षणभर पुरतो. प्लग कोरडे करून घ्या, चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. गाडी सुरू होईल. बंद करायला ही वायर काढावी लागेल, चावीने बंद होणार नाही.

आता स्विच. बाजारातल्या बदली स्विचवर चार टर्मिनल असतात: बॅटरी, इग्निशन, ॲक्सेसरी, स्टार्ट. युरोपीय पद्धतीचे आकडे कोरलेले असतील तर ३० म्हणजे बॅटरी, १५ इग्निशन, ५० स्टार्ट. ॲक्सेसरी टर्मिनल सेल्फ मारताना मुद्दाम बंद होतं, रेडिओ-पंख्याने बॅटरी खाऊ नये म्हणून. तुमच्या वायरमनने म्युझिक सिस्टिमच्या वायरीबरोबर कॉइलचीही त्यावरच एकत्र गुंफली असणार. चावी ऑन केली की दोन्ही टर्मिनलवर १२ व्होल्ट दिसतात, त्यामुळे टेस्ट लॅम्पने तपासणारा माणूस सहज फसतो.

स्विचवरच्या खुणांवर विसंबू नका. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर लिहून ती उतरवा आणि मीटर कंटिन्युइटीवर ठेवून बॅटरी टर्मिनलपासून बाकी तिन्ही तपासा. ऑफला एकही वाजायला नको. ऑनला इग्निशन आणि ॲक्सेसरी. स्टार्टला इग्निशन आणि स्टार्ट, ॲक्सेसरी गप्प. स्टार्टला इग्निशनही गप्प झालं तर स्विचच भिकार आहे, परत करा.

कॉइल, चार्जिंगचा दिवा, ऑइलचा दिवा, पेट्रोलचा काटा हे इग्निशनवर. म्युझिक सिस्टिम ॲक्सेसरीवर, तिला स्वतःचा फ्यूज. थिंबल नीट क्रिंप करा, पीळ देऊन टेप मारलेला जोड स्विचमागे नको. कॉइलच्या लाइनला २ चौरस मिमीची वायर भरपूर झाली. आणि उघडलंच आहे तर इग्निशनची वायर लाल सोडून दुसऱ्या रंगाची टाका, पुढचा माणूस दुवा देईल.

पद्मिनीवाला:
थेट वायरवर लगेच सुरू झाली. स्विचमागे तुम्ही म्हणालात तसंच निघालं: ॲक्सेसरीवर तीन वायरी, इग्निशन टर्मिनल पूर्ण रिकामं. कॉइल आणि डॅशबोर्डच्या मीटरची वायर तिथे हलवली, आता सेल्फवर कॉइल प्लसला १०.१ येतात आणि गाडी चावीवर सुरू होते. चार्जिंगचा दिवा मात्र अजून लागत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.३, रेस केलं तरी तेवढंच.

कटआउट:
१२.३ म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतच नाही, गाडी बॅटरीवर चाललीय. दिवा आणि चार्जिंग एकाच कारणाने अडलेत. साध्या अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. २.२ वॉटचा बल्ब म्हणजे जेमतेम ०.१८ अँपिअर, पण तेवढा लागतो. म्हणून तिथे एलईडी टाकू नका, तिच्यातून पुरेसा करंट जात नाही.

अल्टरनेटरवरची दिव्याची बारीक वायर काढा, चावी ऑन करून तिचं टोक बॉडीला टेकवा. दिवा लागला तर वायर ठीक, अल्टरनेटरचे ब्रश आणि रेग्युलेटर बघा. नाही लागला तर बल्ब काढून तपासा. बल्बही ठीक असेल तर वायर तुमच्या जुन्या कटआउटच्या (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा डबा) डी टर्मिनलवर अडकलेली असणार. डायनामोच्या वेळी ती तिथेच असायची.

पद्मिनीवाला:
दिवा लागला नाही, बल्ब चांगला आहे. कटआउट अजून फायरवॉलवर आहे. डीवर एक बारीक वायर आहे, अल्टरनेटरवरची मात्र हार्नेसमध्येच कुठेतरी संपते. कटआउट काढून फेकला तर चालेल का?

कटआउट:
काढा, पण सरळ कापू नका. लुकास पद्धतीच्या कटआउटवर ए, ए-१, एफ, डी, ई अशी टर्मिनल असतात. ए वर बॅटरीकडून येणारी वायर असते आणि ए-१ वरून गाडीचा बाकी लोड निघतो. तो जोड तुटला तर लाइटपासून इग्निशनपर्यंत सगळं मरेल. बॅटरीचं निगेटिव्ह काढून हे करा:

ए आणि ए-१ वरच्या वायरी एका इन्सुलेटेड स्टडवर एकत्र आणा. डीवरची बारीक वायर, जी दिव्याकडून येते, ती अल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलपर्यंत वाढवा. डायनामोची जुनी जाड डी वायर आणि एफ वायर दोन्ही टोकांना सोडवून हीटश्रिंक लावून बंद करा. अल्टरनेटरच्या बी प्लसपासून (चार्जिंगचा मुख्य टर्मिनल) नवी ६ चौरस मिमीची वायर थेट सेल्फच्या बॅटरीच्या बोल्टवर न्या. ही साधारण ३५-४० अँपिअरच्या अल्टरनेटरसाठी. डायनामोची जुनी वायर त्यासाठी वापरू नका, ती तेवढ्या करंटसाठी नव्हतीच.

मग चावी ऑनला दिवा लागेल, सुरू झाल्यावर विझेल. सुमारे २००० आरपीएमवर बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. १४.८ च्या वर गेले तर लगेच बंद करा, रेग्युलेटर गेला. आणि चावी बंद केल्यावरही इंजिन चालूच राहिलं तर दिव्याच्या वायरमध्ये १ अँपिअरचा डायोड टाका, डायोडवरची रंगीत पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला.